दीड हजारांची यादी

इ.स. २५१मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस यानं अंत्युखियाच्या बिशपला एक पत्र पाठवलं. विषय भांडणाचा होता. नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूनं स्वतःला रोमचा दुसरा बिशप म्हणून घोषित केलं होतं, आणि खरी मंडळी आपल्याकडे आहे हे कॉर्नेलियसला पटवून द्यायचं होतं. त्यासाठी त्यानं चक्क मोजदाद मांडली. बिशप १, धर्मगुरू ४६, डीकन म्हणजे सेवेकरी ७, उपडीकन ७, त्यांचे मदतनीस ४२. भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२. आणि शेवटी, मंडळी ज्यांचं पोट भरते अशा विधवा आणि अडलेली माणसं, १,५००हून अधिक.

चौथ्या शतकात युसेबियसनं ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहिताना हे पत्र त्यात उतरवून घेतलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. अभ्यासक या आकड्यांवरून तेव्हाच्या रोममध्ये एकूण ख्रिस्ती किती असतील याचा हिशेब मांडतात. मला मात्र त्या शेवटच्या आकड्यापुढे जाता येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असा आकडा दिसला की पहिला प्रश्न डोक्यात येतो, हा आला कुठून? दीड हजार हा आकडा अंदाजे म्हटला तरी त्यामागे कुठेतरी नोंदवही असणार. कुणाचा नवरा वारला की कुणीतरी तिचं नाव घालत असणार. कुणी स्वतः वारली की ते काढत असणार. घर बदललं, आजारपण आलं, मुलगा कमावता झाला, हे कळत असल्याशिवाय अशी यादी टिकत नाही. यादी बनवायला एक दुपार पुरते; ती खरी ठेवायला रोज कुणीतरी दारोदार फिरावं लागतं.

आणि काळ कसला होता तेही पाहा. सम्राट डेशियसच्या छळात २५०च्या जानेवारीत रोमचा आधीचा बिशप फेबियन मारला गेला. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ बिशपची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या काळात रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजच्या धर्मगुरूंना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात ते बजावतात की विधवा, स्वतःचं पोट भरू न शकणारे, तुरुंगात पडलेले आणि घराबाहेर काढलेले, या सगळ्यांची सेवा करायला कुणीतरी असलंच पाहिजे. पत्र लॅटिनमध्ये आहे, पण अडलेल्यांसाठी त्यांनी ग्रीक शब्द तसाच ठेवला आहे, थ्लिबोमेनोई. शब्दशः अर्थ 'दाबले गेलेले', आपण पिचलेले म्हणू. कॉर्नेलियसच्या पत्रातही हाच शब्द आहे. म्हणजे हा एव्हाना मंडळीच्या रोजच्या कामकाजातला शब्द झाला होता, आपल्याकडे 'निराधार' हा सरकारी अर्जातला शब्द झाला तसा.

दुसरी यादी

रोममध्ये तेव्हा आणखी एक, कितीतरी मोठी यादी होती. रोमन राज्य शहरातल्या नागरिकांना फुकट धान्य वाटायचं. ऑगस्टसनं स्वतःच्या कारकिर्दीच्या वृत्तांतात धान्य घेणाऱ्यांची संख्या दोन लाखांहून थोडी जास्त दिली आहे. माणशी महिन्याला ५ मोदी, म्हणजे सुमारे ३३ किलो गहू.

ही मदत भुकेल्यांसाठी नव्हती. यादीतली जागा हा रोमच्या पुरुष नागरिकाचा मान होता. घरी कोठारं भरलेली असली तरी नाव असलं की धान्य मिळायचं. परदेशी, गुलाम आणि नवरा गेलेली बाई मात्र उपाशी असली तरी त्या यादीत बसत नव्हती. 'तू कोण आहेस' एवढंच ती यादी विचारायची. 'तुला काय हवं आहे' हा रकानाच तिच्यात नव्हता.

कॉर्नेलियसची यादी नेमकी त्या रकान्यापासून सुरू होते. म्हणूनच तिच्यात विधवा पहिल्या.

पहिली तक्रार

या पद्धतीची सुरुवात एका तक्रारीतून झाली. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती आहे. यरुशलेममध्ये पहिली मंडळी नुकतीच जमली होती, रोज अन्नाची वाटणी होत होती. तेवढ्यात कुरकुर सुरू झाली. मंडळीत दोन गट होते, इब्री म्हणजे स्थानिक भाषा बोलणारे, आणि ग्रीक बोलणारे, बाहेरगावांहून येऊन स्थायिक झालेले यहुदी. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की वाटणीत आमच्या विधवा राहून जातात.

मला हा प्रसंग आवडतो तो त्यात कुणी दुष्ट नाही म्हणून. कुणी ठरवून त्या बायकांचं अन्न तोडलं असं लेखक म्हणत नाही. वाटणारे स्थानिक, त्यांच्या ओळखी स्थानिक. कुठल्या गल्लीत कोण एकटी राहते हे त्यांना आपल्या भाषेतल्या माणसांबद्दल आपोआप कळत असेल. दुसऱ्या भाषेतली म्हातारी दाराआड गप्प बसली तर तिची भूक यांच्यापर्यंत पोचणार कशी? आमच्या धंद्यात अशा चुका रोज दिसतात. सिस्टिम व्यवस्थित चाललेली असते, कुठेही लाल दिवा लागत नाही, आणि एका विशिष्ट प्रकारच्या माणसाला तिचा काहीच उपयोग होत नसतो. तो माणूस ओरडेपर्यंत कळतही नाही.

यावर काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. सात माणसं निवडली गेली. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती सगळं वाटप गेलं असं यातून दिसतं. 'यापुढे काळजी घेऊ' असं आश्वासन देऊन वाटणारे तेच ठेवले असते, तर पुढच्या महिन्यात पुन्हा तीच कुरकुर झाली असती.

रोममध्ये दोनशे वर्षांनंतरही डीकन सातच होते, हे त्या सातांच्या आठवणीनंच. चौथ्या शतकातल्या एका रोमन नोंदीत असं आहे की फेबियननं शहराचे विभाग डीकनांमध्ये वाटून दिले. ऑगस्टसच्या काळापासून रोमचे १४ विभाग होते. दीड हजारांना सातांत वाटलं तर एकेका डीकनाच्या वाट्याला दोनशेहून अधिक दारं येतात.

कोण आलं नाही?

इ.स. १५०च्या सुमारास जस्टिन नावाच्या एका ख्रिस्ती तत्त्वज्ञानं सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माची बाजू मांडली. त्यात रविवारच्या उपासनेचं साधं वर्णन आहे. वाचन होतं, प्रवचन होतं, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. मग ऐपत असलेले आपल्या मर्जीनं पैसे देतात. ते प्रमुखाकडे जमा होतात आणि त्यातून तो अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतो.

या वर्णनात एक बारीक तपशील आहे. जे हजर नाहीत, त्यांचा वाटा डीकन त्यांच्या घरी नेऊन देतात. म्हणजे दर आठवड्याला कोण आलं नाही याचा कुणीतरी हिशेब ठेवत होतं, आणि त्याच्या घरापर्यंत जात होतं. धार्मिक विधीचा हा भाग व्यवहारात काय काम करत असेल ते ओळखणं कठीण नाही. प्रसाद घेऊन दारात गेलेल्याला चुलीत विस्तव आहे की नाही हेही दिसतंच.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. उपासना सुटली की ती लगेच घराकडे वळायची नाही. देवळाच्या आवारात उभी राहून बोटांवर काहीतरी मोजायची. मग म्हणायची, "ती खिडकीजवळ बसणारी आज दिसली नाही गं." चार बायकांपैकी कुणाला तरी ठाऊक असायचं, नसलं तर संध्याकाळपर्यंत एकजण तिच्याकडे जाऊन यायची. जस्टिनचं नाव आजीनं कधी ऐकलं असण्याची शक्यता नाही.

आता आमच्या शहरातल्या मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मदतीचा मेसेज आला की तासाभरात पैसे जमतात, हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्यात काही खोटं नाही. पण मेसेज येतो कुणाचा? ज्याच्या मुलाला नीट लिहिता येतं, ज्याच्याकडे हॉस्पिटलच्या कागदांचा फोटो आहे, ज्याला मागायची लाज वाटत नाही. ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडलेल्या माणसाची आम्हाला एका ओळीची सूचना येते आणि ती वर सरकून जाते.

पेटी आणि कोठार

पैसा कुठून यायचा? कार्थेजच्या तेर्तुलियननं इ.स. १९७च्या सुमारास लिहिलं आहे की आमच्यात एक सामायिक पेटी असते. महिन्यातून एकदा, जमेल तेव्हा, जमेल तेवढं नाणं टाकायचं, सक्ती कुणावर नाही. हा पैसा मेजवान्यांवर जात नाही. तो गरिबांना जेवू घालण्यासाठी आणि पुरण्यासाठी, आईबाप नसलेल्या मुलामुलींसाठी, घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या नोकरांसाठी, जहाज फुटून सर्वस्व गेलेल्यांसाठी, आणि श्रद्धेपायी खाणीत, बेटांवर, तुरुंगात टाकलेल्यांसाठी जातो.

तेर्तुलियन वकिली थाटाचा लेखक, आपल्या बाजूचं तो चांगलंच बोलणार. पण एक साक्ष विरोधकांच्या कागदांतून आलेली आहे. १९ मे ३०३ रोजी, डायोक्लेशियनच्या छळाच्या वेळी, आजच्या अल्जीरियातल्या किर्ता शहरात सरकारी अधिकारी मंडळीच्या घरावर जप्तीला गेले. कारकुनानं सापडलेली एकेक वस्तू लिहून घेतली. पुढे ३२०मध्ये एका खटल्यात ती नोंद वाचली गेली आणि टिकली. २ सोन्याचे प्याले, ६ चांदीचे प्याले, चांदीचे दिवे. मग बायकांचे अंगरखे ८२. ओढण्या ३८. पुरुषांचे अंगरखे १६. पुरुषांच्या जोड्यांचे १३ जोड, बायकांचे ४७.

जप्ती करणाऱ्याला धर्माची भलामण करायची नव्हती. त्याला फक्त यादी पूर्ण करायची होती. आणि त्याच्या यादीत पुरुषांच्या कपड्यांच्या पाचपट बायकांचे कपडे निघाले. एवढे कपडे कुणासाठी साठवले असतील हे कॉर्नेलियसचं पत्र वाचलेल्याला वेगळं सांगायला नको.

फसवणारे आणि अडवणारे

जिथे मदत मिळते तिथे लबाडही पोचतो. दुसऱ्या शतकातला विनोदी लेखक लुशियन यानं पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूची गोष्ट लिहिली आहे. हा ख्रिस्ती मंडळीत शिरला आणि तुरुंगात पडला. मग पहाटेपासून विधवा आणि पोरकी मुलं तुरुंगाच्या दाराशी येऊन बसू लागली, जेवणाची ताटं आत जाऊ लागली, आशियातल्या शहरांमधून मंडळींच्या खर्चानं माणसं भेटायला आली, आणि त्या निमित्तानं या गृहस्थानं बक्कळ पैसा केला. लुशियनला या माणसांचा भोळेपणा हास्यास्पद वाटतो. हसता हसता तो ती कशी वागत होती याची मात्र खात्रीलायक साक्ष देऊन जातो.

ख्रिस्ती लोकांनाही हा धोका कळत होता. 'डिडाखे' नावाच्या फार जुन्या नियमपुस्तिकेत सांगितलं आहे की परगावचा भाऊ आला तर त्याला दोन-तीन दिवस ठेवून घ्या. राहायचं असेल तर त्यानं आपला धंदा करून खावं. पाहुणा संदेष्टा पैसे मागू लागला तर तो खोटा समजावा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या नोंदीची अट आहे, वय ६० पूर्ण हवं. आणि जिचे नातेवाईक आहेत, तिला आधी त्यांनी सांभाळावं, म्हणजे जिला खरंच कुणी नाही तिच्यासाठी मंडळीकडे काही उरेल.

पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा करिंथच्या मंडळीला त्यानं सांगितलं होतं की पैसे पोचवायला तुमचीच निवडलेली माणसं द्या. एवढी मोठी रक्कम आपल्या एकट्याच्या हातात असल्याचा ठपका त्याला नको होता.

पण लबाडीपेक्षा मोठा धोका यादी हातात असणाऱ्यांचा. डेशियसच्या छळात कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून बसला होता. तिथून त्यानं चार जणांना नेमून कळवलं की गरजू भावंडांना पैसे द्या, कुणाला आपला धंदा पुन्हा उभा करायचा असेल तर जास्तीची भर घाला, आणि प्रत्येकाचं वय, परिस्थिती आणि लायकी पाहून ठेवा. सिप्रियनला हे पाहून पुढे मंडळीच्या कामासाठी योग्य माणसंही निवडायची होती. फेलिसिसिमस नावाच्या विरोधकानं हे काम अडवलं. जो सिप्रियनचं ऐकेल त्याच्याशी आपण संबंध ठेवणार नाही अशी त्यानं धमकी दिली. मुद्दा पैशांचा कमी आणि सत्तेचा जास्त होता. कुणाला किती द्यायचं हे ठरवणाऱ्याच्या मागे माणसं उभी राहतात, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. भुकेला माणूस मधल्या मध्ये थांबला. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

फक्त आपलेच?

आणखी एक प्रश्न मला सतावतो. ही सगळी काळजी आपल्या माणसांची होती. श्रद्धा तीच असेल तर बहीण, नसेल तर शेजारीण. मग रोमच्या धान्ययादीत आणि या यादीत फरक काय राहिला? दोन्हीकडे 'आत कोण' हे आधी ठरतं.

हा प्रश्न त्या लोकांपुढेही आला. २५०च्या दशकात कार्थेजमध्ये साथीचा रोग पसरला. लोक आजाऱ्यांना घराबाहेर टाकून पळत होते. सिप्रियनचं चरित्र लिहिणारा त्याचा डीकन पोंतियस सांगतो की सिप्रियननं मंडळीला एकत्र बोलावून म्हटलं, केवळ आपल्याच माणसांचं केलंत तर त्यात विशेष काही नाही. ज्यांनी काल छळ केला त्यांच्याही आजाऱ्यांकडे मंडळीनं जावं, असं त्याचं सांगणं होतं. शंभरेक वर्षांनी सम्राट ज्युलियन जुन्या देवांची पूजा पुन्हा रुजवू पाहत होता. त्याच्या नावावरच्या एका पत्रात तो गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे गालिलकर आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमची माणसं आमच्याकडून मदत मिळत नाही असं सगळ्यांना दिसतं. उपाय म्हणून तो दरसाल ३०,००० मोदी गहू मंजूर करतो.

हे दोन दाखले देऊन प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. अनेक मंडळ्या अनेक शतकं आपल्या कुंपणाच्या आतच पाहत राहिल्या. पण मला वाटतं, परक्याच्या दारी जाण्याची सवय आकाशातून पडत नाही. आठवड्याला आपल्याच गल्लीतली दोनशे दारं ठोठावणाऱ्याचे पाय साथीच्या दिवसात शेजारच्या गल्लीत वळू शकतात. जो माणूस शेजारच्या बाकावर कोण नाही हेही पाहत नाही, त्याच्या 'सगळं जग माझं' या म्हणण्याचा कुणाला आधार वाटावा?

सिप्रियनच्या पत्रव्यवहारात एक छोटं प्रकरण आहे. थेनी गावच्या मंडळीत एक जुना नट होता. श्रद्धेपायी त्यानं रंगभूमी सोडली, पण पोटासाठी मुलांना अभिनय शिकवत होता. तिथल्या बिशपनं विचारलं, याचं काय करायचं? सिप्रियननं शिकवणं बंद करायला सांगितलं. त्या काळच्या ख्रिस्ती दृष्टीला नाटक त्याज्य होतं, आणि आज ते वाचताना मला खटकतं. पण पुढे तो लिहितो की गरिबी हे कारण असेल तर मंडळीनं इतरांप्रमाणे याच्याही साध्या जेवणाची सोय करावी. तुमच्या मंडळीला तो खर्च झेपत नसेल, तर त्याला इकडे पाठवा. अन्नवस्त्र आम्ही देऊ. हुकूम काढणारा त्या हुकमाचा खर्चही उचलतो आहे. नुसता उपदेश करून तो मोकळा झाला असता, तर त्याला कुणी काही म्हटलं नसतं.

२५३च्या आसपास नुमिदियात टोळ्यांनी हल्ला करून ख्रिस्ती बायका-पुरुषांना पळवून नेलं. तिथल्या आठ बिशपांनी कार्थेजला कळवलं. कार्थेजच्या मंडळीनं सोडवणुकीसाठी १,००,००० सेस्तर्स जमवले आणि पाठवले. सोबत देणाऱ्यांची नावं जोडली, म्हणजे सुटून आलेले त्यांच्यासाठी प्रार्थना करतील. पत्रात सिप्रियन आधी कळवल्याबद्दल त्यांचे आभार मानतो. मग म्हणतो, असं पुन्हा न घडो. पण घडलंच, तर आम्हाला कळवायला मागेपुढे पाहू नका.